परीक्षांची दारे

मुलगा किंवा मुलगी चौदा वर्षांची झाली की मध्यमवर्गीय घरात एक वाद सुरू होतो. शाळा राज्य मंडळाची बरी की केंद्रीय मंडळाची, गणित कोणत्या पातळीचे घ्यावे, दहावीनंतर शास्त्रशाखेकडे जावे की अन्यत्र, आणि प्रवेशपरीक्षांपैकी कोणतीची तयारी आतापासून करावी, अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यात आईबापांच्या कित्येक रात्री जातात. हा वाद आपल्याच काळाने निर्माण केला आणि शिकवणीवर्गांच्या जाहिरातींनी वाढविला, असा सार्वत्रिक समज आहे. त्यात थोडे तथ्य असले तरी वाद स्वतः फार जुना आहे. निदान सव्वाशे वर्षे आपल्या प्रांतातील पालक दोन परीक्षा शेजारी ठेवून त्यांची तुलना करीत आले आहेत. ते ज्या रीतीने निवड करीत आले, तीत एक सुसंगती आढळते. ती वाचकांपुढे मांडावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. सौंदड हे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील, सडक अर्जुनी तालुक्यातील गाव. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे आणि मुंबई-कलकत्ता हमरस्ताही गावाला लागूनच जातो. भोवताली धानाची शेते आणि तळी, बोलणे झाडीबोलीचे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे. पुण्यामुंबईच्या शिक्षणाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु परीक्षा घेणारी सत्ता दूर असली म्हणजे काय होते हे समजून घेण्यास सौंदडसारखे गाव अधिक उपयोगी पडते, कारण येथील विद्यार्थ्याच्या परीक्षेचे घर वारंवार हलत राहिले.

हे गाव १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्यप्रांतात होते. प्रांताला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. नागपुरात १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज निघाले ते कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर नागपूरची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाकडे गेली. पुढे १९२२ च्या सुमारास प्रांताचे स्वतःचे हायस्कूल शिक्षण मंडळ झाले आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे नागपूरच्या वाटेने उच्च शिक्षणाकडे निघालेल्या झाडीपट्टीतील मुलाच्या विद्येचे मोजमाप एका पिढीत हुगळीच्या काठी झाले, दुसऱ्या पिढीत गंगायमुनेच्या संगमाजवळ, आणि तिसऱ्या पिढीत नाग नदीच्या काठी. राज्यपुनर्रचनेने १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला, आणि १ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. सौंदडच्या पालकाने जागेवरून न हलता किती परीक्षा पाहिल्या, हे यावरून दिसेल.

आता मुंबईकडे वळू. कारण परीक्षांच्या तुलनेचा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रात विशेष स्पष्टपणे उभा राहिला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची ही विद्यापीठे शिकवीत नसत, केवळ परीक्षा घेत. मुंबईची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, हे सर्वश्रुत आहे. मॅट्रिक याचा अर्थ विद्यापीठात नाव दाखल करून घेण्याची पात्रता, इतकाच. पण ज्याला विद्यापीठात जावयाचेच नव्हते तोही मॅट्रिकला बसू लागला, कारण कचेरीत, शाळेत, रेल्वेत, पेढीवर त्याच प्रमाणपत्राची विचारणा होई. प्रवेशाची परीक्षा अशा रीतीने शेवटची परीक्षा होऊन बसली. सर्व हायस्कुलांचा अभ्यासक्रम, ज्या थोड्यांना महाविद्यालयात जावयाचे होते त्यांच्या सोयीने बेतला गेला आणि उरलेल्या बहुसंख्यांस तो निमूटपणे स्वीकारावा लागला.

हा दोष त्या काळच्या शिक्षणतज्ज्ञांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १८८२ च्या हंटर आयोगाने स्पष्ट शिफारस केली की, हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन फाटे असावेत. एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारा आणि दुसरा व्यापार व इतर व्यवसायांस उपयुक्त असा व्यावहारिक. त्याप्रमाणे प्रांतोप्रांती पर्यायी परीक्षा निघाल्या. मुंबई इलाख्यात त्या शतकाच्या शेवटच्या काळात ‘स्कूल फायनल’ परीक्षा सुरू झाली. कागदावर हा विचार निर्दोष होता. मात्र वीस वर्षांनी, १९०१-०२ मध्ये, हिशेब पाहिला तेव्हा हिंदुस्थानभर मॅट्रिकला बसणारे सुमारे २३ हजार आणि या पर्यायी परीक्षांना बसणारे जेमतेम २ हजार, असे प्रमाण आढळले.

या आकड्यांचा अर्थ त्या वेळी असा लावण्यात आला की, आपल्या लोकांस हाताच्या कामाची अप्रीती आहे आणि पांढरपेशेपणाचा मोह आहे. हा आरोप सर्वस्वी खोटा नाही, परंतु तो अपुरा आहे. मॅट्रिक झालेल्या मुलास नोकरी करता येई आणि दैवाने साथ दिल्यास महाविद्यालयातही जाता येई. व्यावहारिक परीक्षा झालेल्यास महाविद्यालय बंद, आणि ज्या व्यवसायासाठी ती परीक्षा काढली ते व्यवसाय देशात फारसे उभेच राहिले नव्हते. एका दिशेला दोन दारे आणि दुसऱ्या दिशेला अर्धे उघडे एकच दार, असा हा सौदा होता. मुंबईत स्कूल फायनलला इतरत्रांपेक्षा अधिक विद्यार्थी मिळाले, कारण तिच्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरीत शिरकाव होत असे. म्हणजे जेथे दुसऱ्या दारामागे खरोखर खोली होती तेथे लोक त्या दारानेही गेले. यात मोहापेक्षा हिशेबच अधिक दिसतो. पालक अभ्यासक्रमाचे गुणदोष तोलीत नव्हते. कोणत्या परीक्षेने किती वाटा बंद होतात, हे मोजीत होते.

याच हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. प्राथमिक शिक्षणाची हेळसांड करून सरकार थोड्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते, ही त्यांची मुख्य तक्रार सर्वांस ठाऊक आहे. पण त्यात परीक्षांविषयीही एक मार्मिक विचार आहे. खासगी रीतीने अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा ही गरिबांस मोठी सवलत आहे आणि ती पदवीपरीक्षांपर्यंत वाढवावी, असे त्यांचे म्हणणे होते. फुल्यांनी गरिबांच्या मुलांसाठी निराळी, सोपी परीक्षा मागितली नाही. जी परीक्षा वरच्या वर्गांची मुले देतात तीच देण्याची वाट त्यांनी मागितली.

विसाव्या शतकात ध्येयवादी मंडळींनीही पर्यायी शिक्षण उभे केले. तेथे पालकांपुढील पेच अधिक हृदयद्रावक होता. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांच्या गरजा ओळखून आखलेला अभ्यासक्रम, ही त्याची वैशिष्ट्ये. आज कोणीही मान डोलवील असेच हे तत्त्व. पण या विद्यापीठाला कायदेशीर मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडले. मधल्या पस्तीस वर्षांत ज्या पित्याने मुलीस तेथे धाडले त्याने तत्त्वासाठी धोका पत्करला, आणि ज्याने तिला मॅट्रिकला बसविले त्याने तिच्या नोकरीची सोय पाहिली. दोघांनाही मुलीचे हितच हवे होते. असहकाराच्या लाटेत १९२१ मध्ये टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले तेव्हाही हाच प्रसंग आला. सरकारी शाळा सोडणाऱ्या मुलांचा त्याग थोर होता, पण राष्ट्रीय शाळेचा दाखला कचेरीत चालत नसे. लाट ओसरल्यावर पुष्कळ मुले जुन्या वर्गांत परतली, यात नवल ते काय? त्यांच्या आईबापांस भ्याड म्हणण्यापूर्वी आपण त्यांच्या जागी काय केले असते, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

स्वातंत्र्यानंतर परीक्षेचे नाव बदलले. मुंबई राज्यात मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने पुन्हा फाटे सुचविले. साहित्य, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट आणि ते शिकविणाऱ्या बहुद्देशीय शाळा, अशी ती योजना होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दहा अधिक दोन अधिक तीन असा आराखडा देऊन दहावीनंतर व्यावसायिक शिक्षणावर भर दिला. महाराष्ट्रात दहावीची नवी परीक्षा १९७५ मध्ये आली आणि अकरावीची जुनी एस. एस. सी. त्याच वर्षी निरोप घेती झाली. नावे व वर्षे बदलली, तरी विज्ञानाच्या वर्गापुढे रांग आणि व्यावसायिक वर्गात रिकामी बाके, हे चित्र पुष्कळसे तसेच राहिले. जुन्या एस. एस. सी. त बीजगणित व भूमिती टाळून अंकगणितावर भागविण्याची सोय होती. तिचा फायदा घेणाऱ्या मुलास तेरा-चौदाव्या वर्षी कळत नसे की, आपण एक विषय सोडीत नसून विज्ञानाची सगळी वाट सोडीत आहो. घरात शिकलेले माणूस असेल तर ते कळे. नसेल तर कित्येक वर्षांनी कळे.

अलीकडच्या काळात दारे वाढली, तशी ती हलूही लागली. निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुलना कशी करावी, या प्रश्नावर राज्य सरकारने २००९ मध्ये अकरावीच्या नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांस देण्याचा निर्णय केला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी २०१४ व २०१५ मध्ये केंद्रीय परीक्षा धरण्यात आली, आणि २०१६ पासून राज्याची परीक्षा परत आली. वैद्यकीय प्रवेशास २०१७ पासून ‘नीट’ ही देशव्यापी परीक्षाच चालू लागली. सौंदडच्या दृष्टीने पाहता परीक्षेचे घर नागपूर-पुण्यापर्यंत जवळ आले होते, ते पुन्हा दूर, दिल्लीस गेले. ‘नीट’ मराठीतही देता येते हे खरे. पण झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला ग्रंथांतली मराठी हीसुद्धा प्रयत्नानेच आत्मसात करावी लागते. शिवाय परीक्षेचे नियम बदलल्याची वार्ता नागपूरच्या वकिलाच्या घरी ज्या दिवशी पोचते त्याच दिवशी ती धान रोवणाऱ्याच्या घरी पोचते, असे कोण म्हणेल? तुलना करावयास माहिती लागते, आणि माहिती ही आजही वारशाने मिळणारी संपत्ती आहे.

यावर उपाय काय? सर्वांस एकच परीक्षा ठेवावी तर मुलांच्या आवडी व शक्ती सारख्या नसतात. निरनिराळ्या ठेवाव्या तर वर वर्णिलेला इतिहास आड येतो. परदेशांकडे पाहिल्यास एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. इंग्लंडात १९५१ पासून सामान्य व प्रगत अशा पातळ्यांची परीक्षा विषयवार घेऊ लागले. अमेरिकेत त्याच दशकात हायस्कूलच्या मुलांसाठी महाविद्यालयीन दर्जाचे प्रगत अभ्यासक्रम निघाले. तेथील मुलगा इतिहास प्रगत पातळीवर शिकतो आणि गणित साध्या पातळीवर. प्रगत परीक्षेत तो कमी पडला तरी शाळेचा दाखला हातचा जात नाही. तेथेही श्रीमंत शाळांना असे अभ्यासक्रम अधिक मिळतात आणि आईबाप तेथेही चिंतातुर असतातच. तथापि वरची पातळी ही मुळच्या शिक्षणात पडलेली भर असते. मुलांची कायमची वाटणी करणारी भिंत नसते, हा फरक मोठा आहे.

आपल्याकडे या दिशेने थोडी हालचाल झाली आहे. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीपासून गणिताच्या मूलभूत व प्रमाण अशा दोन पातळ्या केल्या. मूलभूत गणित घेतलेल्या मुलास पुढे गणित घ्यावेसे वाटल्यास वरची परीक्षा देण्याची वाट ठेवली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाखांमधील कडक भिंती काढून टाकाव्या असे म्हटले आहे. हे अंमलात किती येते ते काळ ठरवील. पण परत येण्याची ही लहानशी वाट हंटर आयोगाच्या योजनेत असती, तर त्या २३ हजारांपैकी कित्येकांनी दुसऱ्या परीक्षेचा विचार निर्धास्तपणे केला असता, असे मला वाटते.

म्हणून पालकांस कळपवृत्तीचे म्हणून हिणविण्याची जी चाल आपल्या व्याख्यात्यांत आहे ती सोडून द्यावी. सौंदडचा शेतकरी आपल्या मुलीस विज्ञानशाखेतच घालावयाचे म्हणतो तेव्हा तिला रसायनशास्त्राची गोडी आहे की नाही हे त्याने पाहिले नसेल. विज्ञान घेतलेल्या मुलीस उद्या कला वा वाणिज्य शाखेकडे वळता येते, कलाशाखेतून मात्र वैद्यकाकडे वळता येत नाही, एवढे त्याने बरोबर पाहिलेले असते. त्याचा हिशेब चुकलेला नाही. चौदाव्या वर्षी सोडलेली वाट अठराव्या वर्षी पुन्हा धरता येईल, अशी व्यवस्था ज्या दिवशी होईल, त्या दिवशी तोही मुलीस तिची आवड विचारील. तोवर ती विचारण्याची चैन त्याला परवडणारी नाही, हे त्याचे दुःख आहे, आणि त्याचा दोष आपण त्याच्या माथी मारू नये.