भिंतीच्या पोटात : मराठवाड्यातील दगडी घराच्या अभ्यासाची प्रस्तावना

लातूर-धाराशिवकडच्या जुन्या गावात शिरले की आधी भेटतात त्या भिंती. दोन-अडीच फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या, गल्लीकडे जवळजवळ बिनखिडकीच्या. त्यांच्याआड ढाळज, अंगण, ओसरी आणि भर उन्हाळ्यातही गार वाटणारे माजघर. आपल्याकडे देवळांवर, लेण्यांवर, सरदारांच्या वाड्यांवर पुष्कळ लिहिले गेले. शेतकऱ्याच्या पाच खणी घराच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले. ही उणीव भरून काढण्याच्या इच्छेने या विषयाच्या उंबऱ्याशी आलेल्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत.

या घराची ओळख मातीपासून करून घ्यावी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. त्याच बेसाल्टचा दगड भिंतीला मिळाला आणि त्याच्याच झिजेतून शेतातली काळी माती झाली. गावकऱ्यांनी काळी पिकासाठी राखली आणि वस्ती पांढरीवर केली. हीच पांढरी माती छतावरही चढली, कारण ती चोपून बसवली की पाणी सहज मुरू देत नाही. कोकणात धो धो पावसामुळे उतरते छप्पर लागते. मराठवाड्यात पाऊस बेताचा आणि ऊन कडक, म्हणून इथे सपाट माळवद शोभते. त्यावर धान्य वाळते आणि उन्हाळ्याच्या रात्री घर झोपायला वर येते.

आत पाहिले तर घराचा हिशोब खणांत, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत, चालतो. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. नीट बांधलेल्या घरात छताचे ओझे हा लाकडी सांगाडाच पेलतो. भिंतीकडे आडोसा, सावली आणि राखण एवढेच काम असते. भिंतीत कोनाडे असतात, कुठे धान्याचे बळदही असते.

या अभ्यासाचा गाभा मात्र त्या भिंतीच्या पोटात आहे. बाहेरून एकसंध दिसणारी भिंत मुळात दोन भिंतींची असते : आतला पदर, बाहेरचा पदर आणि मध्ये कपच्या व चिखलाची भर. भिंतीच्या संपूर्ण जाडीतून जाणारा आरपार दगड या दोन पदरांना बांधून ठेवतो. तो नसेल, तर हादऱ्याने पदर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि ढासळतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर गाव झोपेत असताना, याच भागातल्या किल्लारीच्या भूकंपात हेच घडले. जवळपास आठ हजार माणसे गेली. वर्षानुवर्षे नवी माती पडून जड झालेली माळवदे आणि सुटलेल्या भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. अनेक ठिकाणी दगडांच्या ढिगाऱ्यात खणांचा लाकडी सांगाडा तेवढा उभा राहिला.

लोकांच्या मनात दगड गुन्हेगार ठरला. ज्यांनी घरची माणसे त्याखालून काढली, त्यांची ही भीती समजून घेतलीच पाहिजे. अभ्यासकाने मात्र पुढचा प्रश्न विचारावा : दगड चुकला, की सांधा? त्याच वर्षी निघालेल्या आयएस १३८२८ या भारतीय मानकात उत्तर स्पष्ट आहे. उंचीच्या दर ६० सेंटिमीटरला, आणि आडवे १.२ मीटरहून जास्त अंतर न ठेवता, आरपार दगड घाला. ही सूचना अमलात आणायला महाग सामान लागत नाही, लागतो जाणता गवंडी आणि थोडा अधिक वेळ.

म्हणून या विषयात केवळ मोजपट्टी घेऊन भागत नाही. पडक्या भिंतीचा छेद पाहा, पदर कुठे सुटले ते कागदावर उतरवा. खांब दगडी उथळ्यावर आहे की नुसत्या मातीत, ते तपासा. माळवदावर माती किती साचली ते मोजा. मग भिंत रचणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याजवळ आणि ती वर्षानुवर्षे सारवणाऱ्या बाईजवळ बसा. ओल आधी कुठे येते, कोणता कोपरा दर पावसाळ्यात फुगतो, हे ती नकाशाशिवाय सांगेल. तिचे ऐकून दुरुस्त केलेली एक जरी भिंत पुढच्या हादऱ्यात उभी राहिली, तरी या अभ्यासाने आपले काम केले.