जुन्या संगणकावर लिनक्स: रोजच्या कामाला पुरेल का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. असा संगणक बिघडलेला नसतो, पण अपडेट नसताना त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे ठरते. तो भंगारात काढण्याआधी लिनक्स हा पर्याय पाहण्याजोगा आहे.

लिनक्स म्हणजे काय?

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. त्याला इतर मुक्त सॉफ्टवेअरची जोड देऊन जी पूर्ण प्रणाली तयार होते, तिला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, फेडोरा, डेबियन, लिनक्स मिंट ही त्यांची उदाहरणे. ‘ओपन सोर्स’ म्हणजे मूळ कोड सर्वांना पाहता, बदलता आणि वाटता येतो.

विंडोजची सवय असलेल्यांना मिंट सोपे जाते, कारण खालची पट्टी आणि मेनू ओळखीचे वाटतात. त्यासाठी किमान २ जीबी रॅम (४ जीबी असल्यास बरे) आणि २० जीबी जागा लागते. रॅम कमी असेल तर त्याची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती निवडावी.

कोणती कामे होतात?

• पत्रे, हिशेबाचे तक्ते: लिब्रेऑफिस
• इंटरनेट: फायरफॉक्स
• गाणी, चित्रपट: व्हीएलसी
• फोटो दुरुस्ती: गिम्प

फोटोशॉप आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्ससाठी मिळत नाही. टॅलीही विंडोजसाठीच बनवलेले आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा जुना प्रिंटर वापरात असेल, तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधी तपासावे.

मराठीचे काय?

युनिकोड मराठी नीट दिसते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट पद्धतीने टाइप करता येते. अडचण येते ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधल्या फायलींची. त्यांत अक्षरे युनिकोडमध्ये साठवलेली नसल्याने फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. अशा फायली युनिकोडमध्ये बदलून घेणे हा कायमचा उपाय आहे.

खासगीपणा किती मिळतो?

मिंट सुरू करताना कोणतेही ऑनलाइन खाते उघडावे लागत नाही. विंडोजमध्ये ‘आवश्यक’ निदान-माहिती कंपनीकडे जाते आणि घरगुती आवृत्तीत ती पूर्ण बंद करता येत नाही. मिंट अशी माहिती गोळा करत नाही. मात्र लिनक्स घेतले म्हणजे सारे झाकले गेले, असे नाही. गुगल किंवा फेसबुकवर लॉगिन केल्यावर तिथे होणारी नोंद लिनक्सवरही तशीच होते. ती कमी करायची तर फायरफॉक्समधील ट्रॅकिंग संरक्षण कडक करावे आणि ‘यूब्लॉक ओरिजिन’ बसवावे.

आधी करून कसे पाहावे?

१. फोटो, कागदपत्रे यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी.
२. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवावी.
३. ‘रुफस’ने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते.
४. त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. या ‘लाइव्ह’ अवस्थेत हार्ड डिस्कवरचे काही बदलत नाही.
५. वायफाय, आवाज, कॅमेरा, छपाई तपासावी.

सारे नीट चालले तरच इन्स्टॉल करावे. तेव्हा ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला तर विंडोज आणि सर्व फायली जातात. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवायच्या असतील, तर तसा पर्याय वेगळा दिलेला असतो. ज्यांचे एखादे काम विंडोजवरच अडते, त्यांना तोच सोयीचा.