वाळूचं घड्याळ

परवा ऑफिसात एका नव्या पोराने विचारलं, "पूर्वी विंडोज एवढं हँग का व्हायचं हो?" मी जो सुरू झालो तो अर्ध्या तासाने थांबलो. बिचारा मान डोलावत बसला. असो, आता तुमची पाळी!

विंडोज ३.१ मध्ये (१९९२) प्रत्येक प्रोग्रॅमने थोडं काम करायचं आणि मग 'माझ्यासाठी पुढचा मेसेज आहे का?' असं विंडोजला विचारायचं. विचारलं की विंडोज दुसऱ्याला पाळी देणार. आणि विचारलंच नाही तर? तर माऊसवरचं वाळूचं घड्याळ बघत बसा. कॉलेजच्या लॅबमध्ये सबमिशनच्या आदल्या दिवशी माझ्याच प्रोग्रॅममधला एक लूप संपेना. शेजारच्या खिडकीतलं सेव्ह न केलेलं जर्नल त्याच्याबरोबर गेलं. शेवटी रीसेटचं बटण, आणि रात्रभर पुन्हा टायपिंग.

यावर लोक पटकन म्हणतात की मायक्रोसॉफ्ट, ॲपलवाल्यांना जमत नव्हतं. कारण १९८५ च्या अमिगात, अवघ्या २५६ केबीत, कार्ल सासनरॅथने लिहिलेला कर्नल प्रोग्रॅमची वेळ संपली की त्याला सरळ बाजूला करायचा. युनिक्समध्ये तर हे त्याच्याही आधीपासून होतं.

मला मात्र तसं वाटत नाही. खरी अडचण जुन्या प्रोग्रॅम्सची होती. १९८४ चा मॅकिंटॉश एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवायला बनवलेला. आपल्याला मध्येच कुणी उठवणार नाही, हे तिथे प्रत्येकाने गृहीत धरलेलं. १९८७ मध्ये मल्टिफाइंडरने अनेक प्रोग्रॅम शेजारी-शेजारी बसवले, पण सिस्टिमचा डेटा सगळ्यांचा सामाईकच. एकजण त्यातली यादी बदलत असताना दुसऱ्याला आत सोडलं, तर यादीचा बोऱ्या वाजणार. म्हणून पाळी स्वखुशीने सोडायची. मेनू उघडून माऊसचं बटण नुसतं दाबून धरलं, तरी बाकीचे प्रोग्रॅम थांबायचे! हे सुधारायला काढलेला कोपलँड प्रकल्प ॲपलने १९९६ मध्ये गुंडाळला, नेक्स्ट कंपनी विकत घेतली, आणि मॅक ओएस टेन यायला २००१ उजाडलं.

मायक्रोसॉफ्टकडे १९९३ पासून एनटी होतं, पण त्याला १२ एमबी मेमरी लागायची. विंडोज ९५ ला ४ एमबी पुरायची (म्हणजे कशीबशी). ९५ ने ३२-बिट प्रोग्रॅम्सना घड्याळाच्या काट्यावर आणलं, पण आतला बराच जुना १६-बिट कोड तसाच ठेवला. त्या कोडच्या दाराला एकच कुलूप होतं. एखादा जुना प्रोग्रॅम ते धरून अडकला, की नव्यांच्याही खिडक्या गारठायच्या.

हे सगळं ऐकून पोरगं म्हणालं, "बरं झालं, आता असं काही नसतं." मी म्हटलं, बाबा, गेल्या महिन्यात तुझा नोडचा सर्व्हर एका अवाढव्य जेसन फाइलवर अडकला होता, आणि तेवढा वेळ बाकी सगळ्या रिक्वेस्ट ताटकळत होत्या. ते काय होतं?