उपनगरी रुग्णालय आणि घरातला आघात

घरातल्या मारहाणीचा आरोग्याशी संबंध आहे, हे मुंबईच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने फार उशिरा मान्य केले. 1983 साली भारतीय दंड संहितेत नवरा व सासरच्यांच्या छळाविरुद्धचे 498-अ हे कलम आले आणि पुढच्याच वर्षी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला; त्यामुळे दाद मागण्याची वाट प्रथम पोलिसांकडून गेली. रुग्णालयात मात्र भाजलेल्या बाईच्या केसपेपरवर स्टोव्हचा भडका आणि विष प्यायलेलीच्या केसपेपरवर चुकून घेतलेले औषध अशी कारणे लिहिली जात, आणि उपचारानंतर तिची पाठवणी बहुधा त्याच घरी होई.

‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी 2000 साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र उघडले, ते ही उणीव हेरूनच. झोप न लागणे, छातीत धडधडणे, कारण न सापडणारी अंगदुखी अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रीला घरच्या परिस्थितीविषयी कसे विचारावे, याचे प्रशिक्षण डॉक्टर आणि परिचारिकांना देण्यात आले, कारण ती समुपदेशकापर्यंत पोहोचणे त्या एका प्रश्नावर अवलंबून होते.

अशा तक्रारींमागे अनेकदा आघातोत्तर ताण असतो. म्हणजे भयंकर प्रसंग मनात पुन्हापुन्हा उभा राहणे, त्याची आठवण देणारे सारे टाळणे आणि सतत सावध राहणे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने 1980 साली हे निदान स्वीकारले, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अनुभव मोठा होता. सैनिक निदान युद्धावरून परतलेला असतो. नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या स्त्रीचा धोका रोज संध्याकाळी दारातून आत येतो, आणि तिची सावधता हा आजार मानावा की शहाणपण, हा प्रश्न त्या चौकटीत नीट बसत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 साली दीर्घकाळ चाललेल्या आघाताचा वेगळा विचार मांडला, तो याच अडचणीतून. ‘दिलासा’च्या कामातही गोळीआधी सुरक्षिततेचा आराखडा येई, आणि दोष तिचा नाही हे तिला स्पष्ट सांगितले जाई. घरी परतणे धोक्याचे असेल, तर निरीक्षणाखाली दाखल करून घेण्याची साधी रुग्णालयीन सोयच तात्पुरता आसरा ठरे. प्रशासनाच्या नियमांचा इतका कल्पक उपयोग क्वचितच झाला असेल.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा ऑक्टोबर 2006 मध्ये अमलात आला. त्याने मानसिक इजेलाही हिंसेच्या व्याख्येत घेतले आणि पीडितेला उपचार देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरे केंद्र निघाले होतेच. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या पैशातून पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे उभी राहिली.