शिलेदार आणि बारगीर
मराठा सरदार नारोशंकर यांनी १७४२ च्या सुमारास झाशीत मराठी अंमल बसवला, तेव्हा मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा स्वार, आणि बारगीर, म्हणजे सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा स्वार, असा भेद रूढ होता. सभासद बखरीनुसार शिवकाळात पंचवीस बारगिरांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि घोड्यांना नाल ठोकणारा एक नालबंद असे. शिलेदाराला मोकळीक अधिक, पण घोडा पडला की रोजीही बुडे, म्हणून ऐन लढाईत तो जनावराला जपे, आणि त्यात त्याचा दोष तो काय! इंग्रजीतील ‘फ्रीलान्स’ हा शब्दही मोकळ्या भालाइताचाच असल्याने, स्वतःच्या लॅपटॉपवर कंत्राटी काम करणारा, हजेरीपटाला कंटाळलेला सॉफ्टवेअर सल्लागार शिलेदाराच्याच जातकुळीचा ठरतो.