देवबाभूळ व तिची नावे
देवबाभूळ : (हिं. विलायती कीकर, लॅ. व्हॅचेलिया फार्नेसियाना, कुल-फॅबेसी). हा लहान काटेरी वृक्ष मूळचा अमेरिका खंडातील असून मेक्सिको व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग येथे सामान्य आहे. भारतात तो बाहेरून आला. त्याचे फुलोरे गोल, पिवळे व अतिशय सुगंधी असतात, द. फ्रान्समध्ये अत्तरासाठी त्याची लागवड होत असे.

मेक्सिकोतील ‘वीसाचे’ हे त्याचे नाव नाहुआत्ल भाषेतून आले असून ‘पुष्कळ काट्यांचे’ असा त्याचा अर्थ आहे. सांतो दोमिंगोहून आणलेल्या बियांपासून हा वृक्ष रोम येथील फार्नेसे घराण्याच्या उद्यानात वाढविण्यात आला आणि १६२५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्या घराण्यावरूनच लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्यास ‘मिमोसा फार्नेसियाना’ म्हटले.

मराठी नावामागील कारण वेगळे आहे. खडकवासला धरणाच्या (१८७९) कालव्यांनी भिजणाऱ्या पुण्याच्या पूर्वेकडील कोरड्या प्रदेशात बाभूळ पूर्वापार परिचित आहे. तिच्या लाकडाची शेतीची अवजारे व गाड्यांची चाके करीत; साल कातडी कमावण्यास व शेंगा शेळ्यामेंढ्यांना उपयोगी पडत. त्यामुळे नव्याने आलेली झाडे लोकांनी बाभळीच्या नात्यानेच ओळखली. देवबाभूळ, विलायती बाभूळ व सुबाभूळ या तिन्ही मूळच्या अमेरिकेतील आहेत; सुबाभळीस तर काटेही नसतात. तिच्या प्रसारात पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथील ‘बाएफ’ या संस्थेचा मोठा वाटा आहे.

अशा नावांमुळे घोटाळेही होतात. आयुर्वेदातील ‘अरिमेद’ अथवा ‘विट्खदिर’ म्हणजे देवबाभूळच, असे काही अर्वाचीन लेखकांनी मानले आहे. परंतु अमेरिकेतील वृक्ष प्राचीन वैद्यांस परिचित असणे संभवत नाही. ‘अरिमेद’ म्हणजे हिवर हे एतद्देशीय झाड होय, हे मत अधिक ग्राह्य वाटते. औषधासाठी साल गोळा करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

शास्त्रीय नावेही स्थिर राहिलेली नाहीत. ‘ॲकेशिया’ हे नाव मूळ ग्रीक असून ते ईजिप्तमधील बाभळीस लावीत असत. १८३४ मध्ये रॉबर्ट वाइट व जॉर्ज आर्नट यांनी द. भारतातील वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात देवबाभळीसाठी ‘व्हॅचेलिया’ ही नवी प्रजाती स्थापिली. पण ती दीर्घकाळ मान्य झाली नाही. २००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिविज्ञान परिषदेत ‘ॲकेशिया’ हे नाव प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील जातींच्या गटासाठी राखले गेले, आणि एतद्देशीय बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली. मराठी भाषकांनी अमेरिकेतील झाडास बाभळीचे नाव दिले होते. आता शास्त्राने बाभळीस त्या झाडाच्या प्रजातीत समाविष्ट केले आहे.