शंभरपैकी किती नाही, शंभरांत कितवा!

परवा रात्री आमच्या लालबागच्या बिल्डिंगमधले एक शेजारी मोबाइल घेऊन आले. मुलीने 2025ची नीट दिली होती. "दादा, पोरीला शहात्तर टक्के आहेत. एकजण म्हणतो मेडिकलची सीट करून देतो, आधी टोकन भरा. भरू का?"

स्कोअरकार्ड बघितलं. शहात्तर टक्के नव्हतेच, शहात्तर पर्सेंटाइल होते. या एका शब्दाच्या फरकावर त्यांची आयुष्यभराची पुंजी टांगलेली होती. हा घोळ त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून थोडा इतिहास लिहितोय.

मुंबई विद्यापीठ 1857 साली सुरू झालं आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे त्याच तुकडीतले. तेव्हा मुख्य प्रश्न एवढाच असायचा, पास की नापास? पास झालात की दार उघडलं. पुढे शिकणारे वाढले, जागा त्या मानाने वाढल्या नाहीत आणि पासला किंमत उरली नाही. आता प्रश्न झाला, तुमच्या पुढे किती जण आहेत?

आपल्या लहानपणी हे बारावीच्या मार्कांवर ठरायचं. परळच्या केईएमला जोडलेल्या जीएस मेडिकलला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची बेरीज बघायची. एकेका मार्कासाठी घराघरांत रडारड व्हायची. पण विभागीय बोर्डं अनेक, पेपर तपासणारे हात वेगळे. कुठे सढळ, कुठे कंजूष. म्हणून 1999 मध्ये राज्याने सीईटी आणली. सगळ्यांना एकच पेपर, एकच मोजपट्टी.

'पर्सेंटाइल' हा शब्द मुंबईकर पालकांच्या कानावर जोरात आदळला तो 2008 साली, अकरावीच्या प्रवेशात. एसएससीची मुलं आणि आयसीएसई-सीबीएसईची मुलं यांचे मार्क एका पातळीवर आणायला सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र काढलं. हायकोर्टाने ते रद्द केलं. 2009 मध्ये 90:10 कोटा आणला, तोही रद्द. 2010 मध्ये 'बेस्ट फाइव्ह' आलं, ते हायकोर्टात अडकलं आणि सुप्रीम कोर्टात टिकलं. तीन वर्षं गिरगाव-दादरचे आईबाप कॉलेजच्या रांगेत कमी आणि कोर्टाच्या बातम्यांत जास्त अडकले होते. भांडण एकाच गोष्टीचं होतं: दोन वेगवेगळ्या तराजूंवरची वजनं एकमेकांशी जुळवायची कशी?

मग नीट. पहिली 2013 मध्ये झाली, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. 2016 मध्ये तो निकाल मागे घेतला गेला. आपल्याकडे त्या वर्षी राज्याच्या जागा सीईटीवरच भरल्या, 2017पासून मेडिकलला नीट पक्की झाली. एमएचटी-सीईटी राहिली इंजिनीअरिंग, फार्मसी वगैरेंसाठी. ती 2019 मध्ये कॉम्प्युटरवर गेली. अनेक दिवस, अनेक सत्रं, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. म्हणजे पुन्हा तराजू अनेक! म्हणून तिथे मार्क बाजूला ठेवून पर्सेंटाइल देतात. तुमच्या सत्रात बसलेल्या शंभरांपैकी किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्याखाली आहेत, तो हा आकडा. सोप्या पेपरात 140 मार्क आणि कठीण पेपरात 120 मार्क, दोन्हीचं पर्सेंटाइल सारखं येऊ शकतं.

आता शेजाऱ्यांचा हिशेब. 2025च्या नीटला सुमारे 22 लाख मुलं बसली. 76 पर्सेंटाइल म्हणजे 24 टक्के पुढे, साधारण 5 लाख 30 हजार मुलं. देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच वर. आणि 'क्वालिफाय' या शब्दाला भुलू नका. खुल्या गटाला 50 पर्सेंटाइल लागतं. 2025 मध्ये ते 720पैकी 144 मार्कांवर आलं, म्हणजे फक्त 20 टक्के! 2024 मध्ये तेच 50 पर्सेंटाइल 162वर होतं. परीक्षा तीच, पण पेपर बदलला की रेघ सरकते. म्हणून मागच्या वर्षीच्या मार्कांशी यंदाचे मार्क जुळवू नका, रँक जुळवा.

गिरणगावातल्या माणसाला हे समजवायला सोपं आहे. बदली कामगार सकाळी गिरणीच्या गेटवर उभा राहायचा. काम मिळेल की नाही, हे त्याच्या हाताच्या कसबावर ठरायचं नाही. आज किती खाडे आहेत आणि आपल्या पुढे किती जण उभे आहेत, यावर ठरायचं. पर्सेंटाइल म्हणजे गेटवरचा तुमचा नंबर. पोरगी हुशार की ढ, हे तो आकडा सांगतच नाही.

मी त्यांना म्हटलं, टोकन भरू नका. मुलीला विचारलं तर ती हळूच म्हणाली, "काका, मला ऑप्टोमेट्री करायचंय." डोळे तपासणं, चष्म्याचा नंबर काढणं. कोर्सच्या शेवटी इंटर्नशिप. तिच्या बाबांना वाटत होतं, ही चष्म्याच्या दुकानातली नोकरी. त्यांना सांगितलं, 2021च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाला रीतसर स्थान आहे. प्रवेश काही ठिकाणी बारावीच्या मार्कांवर, काही ठिकाणी संस्थेच्या स्वतःच्या परीक्षेवर होतो. नियम बदलतायत, त्यामुळे यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाचा. तीन गोष्टी विचारा: प्रवेश कोणत्या आकड्यावर, मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश कितव्या नंबरला आणि डिग्री कोणत्या विद्यापीठाची?

निघताना ते दारात थांबले. "म्हणजे पोरगी नापास नाही ना?"

नाही हो. रांग लांब होती, एवढंच.

निकालाच्या दिवसांत कुणी टोकन मागत असेल तर आधी स्कोअरकार्ड कुणाला तरी नीट वाचायला द्या. आपल्या चाळीतल्या, बिल्डिंगमधल्या पालकांपर्यंत हे पोचवा.